घरी माहीत आहे का?

न्हाव्याच्या आधी पाटी आली.

गफ्फारभाई पेंटरांनी ती मालवाहू ऑटोत खाली गादी टाकून चिखलीहून अमडापूरला आणली होती, आणि वाटेत प्रत्येक गतिरोधकाला ड्रायव्हरला शिव्या दिल्या होत्या. चौघांनी धरून ती नव्या दवाखान्याच्या हॉलमध्ये आणली. वरचं वर्तमानपत्र निघालं तसे पंजाबराव चष्मा पुसून पुढं झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचू लागले.

"झुंबराई हॉस्पिटल. डॉक्टर चंद्रशेखर पंजाबराव गवते. माजी कॅप्टन, भारतीय सेना."

शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली. मागं आचाऱ्याची शिऱ्याची कढई तापत होती. अकराला पाव्हणे यायचे होते. निमंत्रणाच्या कार्डावर दोन्ही कार्यं एकाखाली एक छापली होती, नातीचं जावळ आणि दवाखान्याचं उद्घाटन.

पुष्पांजली सतरंजीच्या कडेला बसून ठमीला वरणभात भरवत होती. अकरा महिन्यांची पोर एक घास खायची आणि एक आईच्या पदराला पुसायची. पण पुष्पांजलीचं लक्ष नवऱ्याकडं होतं. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि या माणसाचा चेहरा ती एक्स-रे उजेडात धरून पाहावा तशी पाहायची. पाटी वाचून त्याच्या चेहऱ्यावर आनंद आला नाही. त्यानं ओठ आत घेतले. इंजेक्शन देण्याआधी घ्यायचा तसे.

"गफ्फारभाई," चंद्रशेखर म्हणाला, "तो 'माजी' पुसता येईन काय?"

"काऊन डॉक्टरसाब? रंग बराबर नाही बसला?"

"रंग चांगला आहे. पन मी माजी नाही."

पंजाबराव हसले. "आज नाही तं पंधरा दिवसानं होशीन ना बे. पाटी काय दर पंधरवड्याले नवी करतेत?"

"बाबा, मी फौजेतली मुदत वाढवून घेतली." त्यानं क्षणभर आईकडं पाहिलं. पुष्पांजलीनं ते पाहणं पाहिलं. "कमांडोच्या पलटनीत चाललो. त्याईचा डॉक्टर म्हनून. पह्यले तीन महिने परीक्षा घेतेत, प्रोबेशन म्हनतेत त्याले. बुधवारी हजर व्हायचं आहे."

आचाऱ्याचं उलथणं कढईत मधेच थांबलं.

"कमांडो?" पंजाबरावांचा आवाज आधी बारीक निघाला, मग वाढत गेला. "सुया टोचनारा मानूस तू. तुले कोन बलावलं कमांडोत? दोन वर्षं झाले मी ह्या बांधकामावर उभा आहे. इटा मोजून घेतल्या, संडासाचे नळ सोता पसंत केले. आनं तू आज सांगतो?"

"त्याईच्या संग डॉक्टर लागते, बाबा. ते जिथं उडी मारतेत तिथं त्यानंबी माराची. ते चालतेत तेवढं पाठीवर वजन घेऊन चालाचं. डॉक्टर म्हनून काही सूट नाही. परीक्षा पार नाही केली तं वापस पाठवतेत."

पाठीवर वजन.

पुष्पांजलीच्या हातातला घास तिथंच राहिला. ठमीनं तोंड उघडून वाट पाहिली आणि मग हात मारून तो पाडला.

कामठीच्या लष्करी क्वार्टरमध्ये तांदूळ दहा दहा किलोच्या पिशव्यांत यायचा. दिवाळीनंतर चंद्रशेखरनं दोन पिशव्या पाठीवरच्या बॅगेत घालून पहाटे पळायला सुरुवात केली. फिटनेसची परीक्षा आहे, म्हणाला. तिनंच त्या पिशव्यांना वरून प्लॅस्टिक गुंडाळून दिलं, घामानं भिजू नयेत म्हणून. जानेवारीत पिशवी फोडली तर आत निम्मी कणी. ती तडक दुकानावर गेली आणि दुकानदाराला दहा बायकांसमोर फसवणारा म्हणाली. बिचाऱ्यानं मुकाट्यानं पिशवी बदलून दिली. मग महिनाभर तिनं दुसऱ्या पिशवीतल्या कणीची पेज करून ठमीला भरवली. पाठीवर पट्ट्यांचे वळ उठायचे, त्यांना ती रात्री खोबरेल लावायची. दोन्ही खांद्यांवर, समान.

आणि तो पट्टा. काळा, हातभर लांब, मधे बोटाएवढी कांडी असलेला. हातापायाचं रक्त थांबवायचा. रविवारी दुपारी ठमी झोपली की तो पुष्पांजलीला पलंगावर झोपवायचा, तिच्याच ओढणीनं स्वतःचे डोळे बांधायचा आणि तिच्या मांडीवर तो पट्टा आवळून कांडी पिळायचा. घड्याळ तिच्या हातात. चाळीस सेकंद. पस्तीस. एकोणतीस. एकोणतीसला तिनं टाळ्या वाजवल्या होत्या. "दुखतंय का?" तो विचारायचा, आणि दुखत असूनही ती नाही म्हणायची. परीक्षा आहे म्हणे त्याची. आपल्यामुळं मार्क कमी पडायला नकोत.

तिच्या मांडीवर तो तिला सोडून जायचा सराव करत होता. आणि ती वेळ मोजत होती.

तिनं ठमीचं तोंड पुसलं, वाटी बाजूला ठेवली आणि हॉलभर नजर फिरवली. नवी बातमी ऐकली की माणसाचे हात थांबतात. गफ्फारभाईंचा हात ब्रशवर थांबला होता. तिच्या भावाचा, प्रेमानंदचा, मोबाईलवर थांबला होता. सासूचा थांबला नव्हता. झुंबरबाई जावळाच्या ताटात हळदी-कुंकवाचे करंडे लावत राहिल्या होत्या.

"आत्याबाई," पुष्पांजली म्हणाली, "तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं."

तिचा हा सूर घरात सगळे ओळखून होते. एरवी ती त्यांच्यासारखीच बोलायची, पण राग आला की तिची भाषा कॉलेजातली व्हायची, शब्द पूर्ण आणि धार लावलेले. धाकटा दीर भागवत हळूच खांबामागं सरकला.

"दिवाळीले सांगतलं त्यानं," झुंबरबाई म्हणाल्या. "मायच्या पाया पडल्याबिगर कसा जाईन तो?"

"आणि मला?"

"तुह्या अंगावर लेकरू होतं, बाई. घोर लागून दूध आटलं असतं. मीच म्हनलं त्याले, आताच नको बोलू."

"म्हणजे दुधाचा विचार झाला. माझा नाही."

"तुहा-दुधाचा काय येगळा येगळा इचार असते काय वं?" सासूनं आता वर पाहिलं. त्यांच्याही डोळ्यांत राग होता, जुना, मुरलेला. "मले सांगून तं कोनी काहीच केलं नाही आजवर. हा पह्यला, ज्यानं मायले आधी सांगतलं. मी त्याचं गुपित फोडू कशी?"

पुष्पांजलीनं खांबाकडं मान वळवली. "भागवतभाऊ, बाहेर या."

"वहिनी, मले शपथ घातली होती दादानं."

"आणि शपथेच्या बदल्यात तुमच्या खताच्या दुकानाला हा हॉल?"

पंजाबरावांच्या डोक्यात एकदम काहीतरी जुळलं. "म्हनून काल टेप लावून राह्यला होता काय बे इथं? मले म्हने पडद्याचं माप घेतो. खताचं दुकान टाकतं तू माह्या दवाखान्यात?"

"दवाखान्यात डॉक्टरच नाही तं मंग काय कबुतरं पाळाचे?" भागवत उसळला. "दादा शिकला, दादा गेला, पाटीबी दादाची. तुरीच्या गंजीवर रातभर कोन झोपते? माह्या नावाचा एक खिळा तरी आहे काय ह्या भितीत?"

"तुहं तोंड बंद ठेव."

"ठेवलं ना चार महिने."

प्रेमानंद उठून उभा राहिला. तो आज ठमीचा मामा म्हणून नवा सदरा घालून आला होता. त्याच्या मांडीवर बसवून तिचे पहिले केस काढायचे होते. "ताई, उठ. सामान भर. जानेफळ काही लांब नाही. तुले अंधारात ठेवनाऱ्या लोकाईत एक घंटा थांबाची गरज नाही." त्याचा आवाज भरून आला होता, आणि पुष्पांजलीला वाटलं, चला, एक माणूस तरी आपला. तेवढ्यात तो चंद्रशेखरकडं वळला. "दाजी, ठरलं काय होतं आपलं? बाजूच्या गाळ्यात मेडिकल टाकाचं म्हनून मी तिकडची नौकरी सोडली. दवाखाना नाही तं मी गोळ्या कोनाले इकू, खताच्या पोत्याईले?"

बोलून गेल्यावर त्यानं बहिणीचं तोंड पाहिलं आणि खाली बसला.

पंजाबराव तिच्याजवळ आले. लग्नापासून हा माणूस तिच्याशी थेट बोलला असेल तर चहात साखर कमी आहे एवढंच. आज ते तिच्यासमोर गुडघे टेकून बसले. आवाज मऊ झाला होता.

"पुष्पा, बाई, तू नाही म्हन. बायकोनं नाही म्हटलं का तो जात नाही. मी तुह्या पाठीशी आहे. सारं गाव तुह्या पाठीशी आहे."

"मामाजी, कार्डावर खाली काय छापलंय?"

"काय?"

"व्यवस्थापिका, सौ. पुष्पांजली. मला ते कार्ड छापून आल्यावर कळलं. कामठीच्या शाळेत मला सायन्स शिकवायला बोलावलं होतं, जूनपासून. मी नकार कळवला, कारण तुम्ही तारीख ठरवली होती. तुम्ही मला पाटीखाली उभं केलंत, यांनी मला पट्ट्याखाली झोपवलं. विचारलं कोणीच नाही. त्यामुळं आता माझ्या पाठीशी उभं राहू नका, मला तिथं कोणी नको आहे."

म्हातारा तसाच बसून राहिला. आयुष्यात पहिल्यांदा सुनेनं त्यांना एवढी वाक्यं सलग बोलून दाखवली होती.

"तिच्यावर कायले राग काढता सारे," चंद्रशेखर म्हणाला, "मले बोला ना. पुष्पा, मी तुले कामठीले गेल्यावर सांगनारच होतो."

"सोमवारी पोचायचं. मंगळवारी तुम्ही बॅग भरणार. बुधवारी हजर. नेमकं कधी? गाडीत?"

"सांगतलं असतं तं तू जाऊ दिलं असतं?"

"ते तुम्हाला आता कधीच कळणार नाही."

ती उठली. भिंतीशी त्याची हिरवी बॅग होती. वरचा कप्पा उघडायला तिला पाहावंही लागलं नाही; कामठीत तीच तो भरायची. काळा पट्टा काढून ती परत आली.

"झोपा."

"पुष्पा, इथं? सारे आहेत."

"सगळे आहेत म्हणूनच. झोपा."

झुंबरबाई म्हणाल्या, "बाई, सासऱ्यासमोर काय हे," पण पुढं बोलल्या नाहीत. चंद्रशेखर सतरंजीवर आडवा झाला. सव्वासहा फुटांचा माणूस बायकोच्या एका शब्दावर आडवा, आणि हॉलमधल्या कोणालाच त्याचं हसू येत नव्हतं. पुष्पांजलीनं पट्टा त्याच्या उजव्या मांडीखालून घेतला, वर चढवला, ओढला. तिनं सराव कधीच केला नव्हता. ती फक्त दर रविवारी खाली पडून पाहत आली होती. एक पीळ. दोन पीळ.

"बरोबर आहे," तो पुटपुटला. त्याच्यातला डॉक्टर गप्प बसत नव्हता. "कांडी धरून ठेव."

तिसरा पीळ. त्याचा जबडा आवळला. "बस."

"पायाची नाडी अजून लागते आहे." तिनं एका हातानं कांडी धरून दुसऱ्या हाताची दोन बोटं त्याच्या घोट्यामागं टेकवली होती, तो टेकवायचा तशी. "नाडी थांबेपर्यंत पिळायचं. तुम्हीच सांगितलंय."

चौथा पीळ. नाडी गेली. कांडी अडकवली.

"दुखतंय का?"

"हो."

"मला पण दुखायचं. मी नाही म्हणायची. आता सांगा. हे कुठून आलं डोक्यात?"

चंद्रशेखर छताकडं पाहत राहिला. नव्या छताला अजून पंखे नव्हते, नुसते आकडे लोंबत होते.

"काश्मीरात होतो तवा एक पोरगा आनला होता. बावीस वर्षाचा. मांडीत लागली होती." तो दम घेत बोलत होता. "लागल्यावर दहा मिनिटात कोनी नीट आवळलं असतं तं वाचला असता. माह्यापर्यंत यायले तीन तास लागले. मी फक्त कागदावर टाइम लिवला. डॉक्टर असून मी टाइम लिवनारा कारकून झालो होतो, पुष्पा. ते दहा मिनिटं मले पाह्यजेत. दवाखान्यात बसून ते भेटत नाहीत. इथं नाही, कामठीले नाही."

खांबाजवळ भागवतनं मान खाली घातली. पुष्पांजलीनं त्याच्या चेहऱ्यावरून नजर काढून पट्ट्यावर ठेवली, कारण राग विरघळायला लागला होता आणि तो तिला आत्ता हवा होता. हे त्यानं दिवाळीला तिला सांगायला हवं होतं, पलंगावर, पट्ट्याशिवाय. तिनं ऐकलं असतं. कदाचित रडली असती. कदाचित तांदळाऐवजी वाळू भरून दिली असती.

"निवड करताना काय विचारलं त्यांनी?"

"बरंच काही."

"सांगा."

त्याच्या कपाळावर घाम होता.

"मी सोडणार नाही. कळू दे मला."

"कर्नल साहेबानं शेवटी एकच इचारलं," तो म्हणाला. "घरी माहीत आहे का?"

"मग?"

"मी म्हनलं, हो सर."

हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. बाकी सगळं तिनं गेल्या पाव तासात मनाशी लावून घेतलं होतं. हा माणूस कॅरमच्या डावातही खोटं बोलायचा नाही. आणि तिचं तोंड, तिचा होकार, त्यानं परस्पर वापरला होता.

तिनं कांडी सोडवली. रक्त पायात उतरलं तसा तो कण्हला, मग उठून बसला, मांडी दोन्ही हातांनी धरून.

"त्यांना फोन लावा. आत्ता. स्पीकरवर."

"रविवार आहे आज."

"त्यांच्या पलटनीला रविवार असतो का?"

त्यानं फोन लावला. चौथ्या रिंगला पलीकडून जाड आवाज आला, आणि चंद्रशेखर बसल्याजागी ताठ झाला. सर, म्हणाला, इंटरव्ह्यूमध्ये मी एक गोष्ट चुकीची सांगितली. हिंदीत, तुटक. घरी माहीत नव्हतं. माझ्या बायकोला माहीत नव्हतं. आज कळलं.

गफ्फारभाईंना वाटलं फोन कटला, त्यांनी वाकून पाहिलं.

"मैडम को फोन दो."

पुष्पांजलीनं फोन घेतला. ठमी रांगत येऊन तिच्या पायाला धरून उभी राहिली.

"मैडम, इसने मुझसे झूठ बोला. मैं अभी नाम काट सकता हूँ. लड़का अच्छा है, इसलिए आपसे पूछ रहा हूँ. बुधवार को आए या न आए? आप जो कहेंगी वही होगा."

हॉलमधल्या सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं. पंजाबराव मान हलवत होते, नाही, नाही. झुंबरबाईंनी ताट सोडून हात जोडले होते. भागवत भिंतीकडं बघत होता, जिथं त्याचे फळ्यांचे कप्पे लागायचे होते. प्रेमानंद शेजारच्या गाळ्याच्या शटरकडं. आणि नवरा, एक पाय लांब करून जमिनीवर बसलेला, तिच्या ओठांकडं असा पाहत होता जसं ती दर रविवारी घड्याळाकडं पाहायची.

चार वर्षांत हे तोंड या घरात कोणी एवढं निरखलं नव्हतं.

"कल बताऊँगी, सर."

"कल?"

"जी. इन्होंने चार महीने लिए. मुझे एक दिन चाहिए."

पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज आला. "ठीक है. कल दस बजे. आप खुद फोन कीजिएगा, ये नहीं."

फोन बंद झाला.

"म्हंजे ठरलं काय?" पंजाबरावांनी विचारलं. दारात इंद्रभान न्हावी केव्हाचा येऊन उभा होता, बगलेत धोकटी, आणि आत यावं की नाही ते त्याला कळत नव्हतं.

"या इंद्रभानकाका," पुष्पांजली म्हणाली. "पाव्हणे येतील. प्रेमानंद, नीट मांडी घाल. आत्याबाई, पदर धरा, केस खाली पडायला नकोत."

एकेक जण हलला. तिनं सांगितलं त्या जागी जाऊन बसला. गफ्फारभाई ब्रश हातात घेऊन तसेच उभे होते.

"वहिनी, तो 'माजी' पुसू का ठेवू?"

"पुसू नका. ठेवूही नका. पाटी भिंतीकडं तोंड करून लावून ठेवा. उद्या दहापर्यंत."

ठमीनं वस्तरा पाहिला आणि भोकाड पसरलं. पहिली बट झुंबरबाईंच्या पदरात पडली, काळी, मऊ, कोणालाही न विचारता वाढलेली. चंद्रशेखर लंगडत पुष्पांजलीच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"उद्या काय सांगशीन?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"ठरल्यावर कळेल," ती म्हणाली. "ह्या वेळी आधी मला. मग घरी. मग तुम्हाला."